उतू गेलेलं ऊन

गुढीच्या काठीला साखरेची गाठी बांधता बांधता मोनिकाचा हात थांबला. स्वयंपाकघरातला पंखा अडखळला होता. बंद पडला नव्हता, मंदही झाला नव्हता. चालत्या माणसाला ठेच लागावी आणि त्यानं ती कुणाला कळू न देता पुढं जावं, तसं त्याच्या पात्यांचं झालं होतं. तिचा नवरा केयूर गॅलरीत कडुलिंबाचा डहाळा पाण्याखाली धरून उभा होता, त्याच्या गावीही नव्हतं. पण तिच्या पोटात, बेंबीच्या जरा वर, काहीतरी खाली गेलं आणि परत वर आलं. "काय झालं?" त्यानं विचारलं. "दाब हलला," ती म्हणाली. "घ्या! बाकीच्या बायकांच्या पोटात फुलपाखरं उडतात, हिच्या पोटात मीटर बसवलंय," म्हणत तो हसला आणि डहाळ्याचं पाणी तिच्या अंगावर झटकलं. एरवी तीही हसली असती. आज पाडवा होता. वाळूजचे कारखाने बंद, चिकलठाण्याचे बंद, कचेऱ्या बंद. वीज खाणारी तोंडं सगळी पुरणपोळीकडं लागलेली. आणि हर्सूलच्या तळ्यावरून वर चढणारं ऊन मात्र कुठला सण पाळत नव्हतं. ते आत्ताच असं लखलखीत पडलं होतं, की समोरच्या गच्चीवरचे तांबे नुसते बघूनच डोळे मिटावेत.

फोन वाजला तेव्हा तिला माहीत होतं कुणाचा ते. पाचोडहून दादांचा, तिच्या वडिलांचा. रामकिसन गिरणीवाले म्हणून पाच-पंचवीस गावं त्यांना ओळखायची, पण फोनवर ते अजून ओरडूनच बोलायचे, जणू मधलं अंतर त्यांनाच आवाजानं कापायचंय. "मोने, सांडू टेम्पो घेऊन आलाय गं! लासूर स्टेशनहून निघालं बेनं भल्या पहाटं. इंजनाकडं असं बघतंय जसं की सोयरीक जमवायला आलंय!" मागून भंगारवाल्या सांडूचं हसणं ऐकू आलं आणि मग दादांचा खोकला, कोरडा, लांबलचक, पत्र्यावरून खडे घरंगळत जावेत तसा. तो संपेपर्यंत मोनिका गाठीच्या पाकळ्या बोटानं दाबत राहिली. "दादा, द्या ना मग. बोलल्याप्रमाणं द्या." "देतो की. रामकिसन बोलला ते बोलला. पर ऐक. आज जर त्या पाटीवर शून्य आलं नाय, दिवस मावळंपतुर आलं नाय, तर इंजन सांडूच्या टेम्पोत. आन् आलं, तर पुन्यांदा इंजनाचं नाव काढायचं नाय तू. कबूल?" तिच्या तोंडात कडुलिंबाचा पाला होता. तो गिळून ती म्हणाली, "कबूल."

हर्सूलहून आपल्या वीज नियंत्रण कक्षाकडं स्कूटर नेताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुढ्याच गुढ्या होत्या, रेशमी खणांच्या, जरीच्या, एखादी नुसत्या टॉवेलाची. तुरुंगाच्या लांब भिंतीपाशी आल्यावर एकाएकी गुढ्या संपल्या आणि नुसतं ऊन उरलं, भिंतीवर सांडलेलं, कुणी न वापरलेलं. तिला पाटी आठवली. गावाबाहेरच्या माळावर सौर प्रकल्प उभा राहिला तेव्हा त्याच्या फाटकावर कंपनीनं लाल आकड्यांची पाटी लावली होती: या क्षणी किती वीज तयार होते. गावाला वाचायला नवं काहीतरी मिळालं. म्हातारे सकाळी फाटकापाशी जाऊन आकडा बघून यायचे आणि पारावर सांगायचे, जसं पूर्वी पावसाचं सांगायचे. माळाची जमीन द्यायला गाव तयार नव्हतं. तिनंच सुट्टी काढून, पारावर उभं राहून, डोक्यावरचा पदर सावरत सांगितलं होतं की दिवसा लाईट मिळेल, धुराविना मिळेल, ऊन काही संपत नाही. तिचा शब्द म्हणून लोकांनी जमीन दिली. चुलतभाऊ इंद्रजीत तिथंच यंत्रांवर लागला. आणि यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी, भर बाराच्या उन्हात, त्या पाटीवर शून्य आलं. नादुरुस्ती नव्हती. वरून हुकूम आला होता की वीज फार झाली आहे, कमी करा. आणि तो हुकूम माळापर्यंत पोचवणारा आवाज मोनिकाचा होता. गिरणीतले दिवे त्या दिवशी चालूच होते, शहराकडून येणाऱ्या तारेवर. पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. दादा रंगानं माखलेले तसेच फाटकापाशी जाऊन उभे राहिले होते आणि रात्री फोनवर, न ओरडता, म्हणाले होते, "भरल्या ताटावरून उठिवलंस गं सूर्याला. ऊन पडलंय आन् माणूस नको म्हणतंय, हे म्या जन्मात बघितलं नव्हतं."

त्यांना समजावून सांगायचं तरी कसं? वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही, दादा. जेवढी कुणी घेईल तेवढीच, त्याच क्षणी, करावी लागते. जास्त झाली तर सगळ्या राज्याचं चक्र भरभर फिरायला लागतं, कमी झाली तर मंदावतं, आणि आम्ही सगळे मिळून सेकंदाला पन्नास फेऱ्यांच्या एका आकड्याला धरून बसलेलो असतो, तान्ह्या पोराच्या पाळण्याची दोरी धरावी तसे. साठवायच्या बॅटऱ्या येणार, येणार म्हणतात. त्यांच्यासाठी आमच्या कक्षाबाहेर ओतलेल्या चौथऱ्यावर आता कुत्री झोपतात. हे ती बोलली नव्हती. बोलली असती तर ते म्हणाले असते, मग पारावर हे का नाय सांगितलंस? आणि खरंच, का नव्हतं सांगितलं?

गिरणी गावाच्या टोकाला होती, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेडच्या निम्म्या जागेत इंजन होतं. डिझेलचं, काळंशार, एका बाजूला बैलगाडीच्या चाकाएवढं ओतीव लोखंडाचं चाक. दादा हँडल घालून ते फिरवायचे. पहिल्या फेऱ्यांना त्यांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहायच्या, मग एकदा चाकानं मनावर घेतलं की टुक, टुक, टुकटुकटुक, आणि सगळं शेड पीठ आणि धूर आणि थरथर यांनी भरून जायचं. लहानपणी ती ज्वारीच्या पोत्यावर बसून ऐकत राहायची. कुणी ओंजळ-दोन ओंजळी दाणे टाकले तर इंजनाला कळायचंही नाही. पण एखादीनं घाईघाईनं पाटीच्या पाटी वरच्या तोंडात ओतली की सूर खाली जायचा, धाप लागल्यासारखा, आणि तरी तुटायचा नाही. ते जड चाक आपल्याच वजनाच्या भरवशावर फिरत राहायचं, तेवढ्यात इंजन दम घ्यायचं, आणि सूर पुन्हा वर यायचा. कॉलेजात सरांनी फळ्यावर जडत्व लिहिलं तेव्हा वर्गात तिला एकटीला पिठाचा वास आला होता. कोळशाच्या केंद्रांत तसलीच चाकं आहेत, घराएवढी, म्हणून शंभर धक्के पोटात घालून राज्य चालतं. उन्हाला चाक नाही. ऊन असलं की आहे, ढग आला की नाही. मधे दम घ्यायला काही नाही. माय, म्हणजे चतुराबाई, त्या इंजनावर कायम रुसलेली. जातं सुटलं तशी तिच्या गळ्यातली गाणी अडगळीत पडली होती. दळणाला आलेल्या बाया रांगेत बसायच्या, पण त्या आवाजात गाणार काय? तरी एखादे वेळी ती पट्ट्याच्या तालावर, स्वतःलाच ऐकू जाईल इतकंच, म्हणायची,

गिरणी गं गिरणी, तुझं लोखंडाचं प्वाट
माझ्या गळ्याची गं ओवी, कुठं चुकली तिची वाट

वीजमोटार आली ती पुढं पुष्कळ वर्षांनी, पण लाईटचा नेम नव्हता. दिवसा गेली की दादा हँडल उचलायचे. शहरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला होता. दोन्ही बाजूंना धुकं. "यांना धूर बंद. पूर्ण बंद. नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं मी सांगू शकत नाही." दादा त्या फोटोकडं बघून म्हणाले होते, "पीठ हाय ते. गिरणीवाल्याच्या छातीत पीठच असणार की!" डॉक्टर हसले, म्हणून दादाही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

आज पुन्हा पाडव्याचं दळण होतं. गिरणी पाडव्यालाच सुरू झाली होती म्हणून त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत जो येईल त्याचं दळण फुकट, असा दादांचा नेम. आसपासच्या वस्त्यांवरून बाया डोक्यावर पाट्या घेऊन येत. म्हणजे इंजन लागलं तर ते एखाद्या घटकेसाठी लागणार नव्हतं.

कक्षात वैजनाथ सर आधीच बसले होते. निवृत्तीला आलेले, कपाळाला गंध, समोर डब्यात घरची आंब्याची डाळ. "या मोनिकाबाई, नववर्षाच्या शुभेच्छा. आज आपल्याला काम एकच: नाही म्हणणे." भिंतभर पडद्यावर राज्याच्या तारा, हिरव्या, लाल, मधे तो आकडा. पन्नासच्या जरा वर, आणि वर जायच्या बेतात. सरांनी तिला या खुर्चीत बसायला शिकवलं होतं, आणि त्यांचा एक धडा कक्षात सगळ्यांना पाठ होता: आधी शेपूट, मग धड. वीज कमी करायची वेळ आली की लांबलचक तारेच्या अगदी शेवटी जो सौर प्रकल्प असेल त्याला पहिला फोन. कारण शेवटाला खाणारं कुणी नसतं. तिथं वीज तुंबते, दाब चढतो, आणि चढलेला दाब आधी शेपटालाच मारतो. पाचोडकडच्या तारेचं शेपूट म्हणजे तिच्या गावचा माळ. आज सणामुळं रानातल्या मोटारीही बंद. त्या तारेवर वीज खाणारी म्हणावी अशी एकच गोष्ट होती: दादांची गिरणी.

बाराच्या सुमाराला मुंबईकडून फोन आला. कमी करा. किती ते सांगितलं, कसं ते नाही. ते तिच्यावर होतं. तिनं रिसीव्हर कानाला लावला आणि यादीतल्या वरच्या नावावर, म्हणजे आपल्या गावावर, बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. पाटी दिसली. पाटीखाली उभे दादा, शेजारी सांडू, टेम्पोचं उघडं फाळकं. एवढाच्या एवढा प्रकल्प, सगळ्या राज्यात मोजायला गेलं तर चिमूटभर मीठ. आज एक दिवस शेपूट राहू दिलं तर काय आभाळ कोसळणार आहे? तिचं बोट खाली सरकलं. गंगापूरकडचा. पैठणकडचे दोन. मग त्यांच्या पलीकडचा. "नमस्कार, नियंत्रण कक्षातून मोनिका. शून्यावर या." "मॅडम, आज पाडवा है, थोडा तो छोडो!" "शून्यावर या," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला तुरुंगाच्या भिंतीसारखा वाटला, लांब, कोरा. इतक्या जणांच्या उन्हाला ती नाही म्हणत होती, एका पाटीसाठी. पडद्यावरचा आकडा हळूहळू खाली आला. वैजनाथ सर डाळ खात होते. "झालं?" "झालं, सर." त्यांनी विचारलं नाही कोण कोण, कारण त्यांनीच तिला शिकवलं होतं.

इंद्रजीतचा फोन लगेच आला, आनंदानं फुटलेला. "अक्का! आज आपल्याला फोन नाय? पाटी कशी टक्क लाल हाय! समदं गाव इथंच लोटलंय. काकांनी सांडूला सांगितलं, दोर आन म्हणून." तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोर. म्हणजे ते चाक बांधून उचलणार, दहा माणसं लागतील. मग तो म्हणाला, "पर अक्का, हितं दाब लई दाखवतोय. नेहमीपरीस लई. यंत्रावरचा दिवा पिवळा झालाय." तिनं पडद्यावर बघितलं. त्या तारेच्या टोकाचा आकडा खरंच चढत होता, दुधाच्या पातेल्यात साय गोळा होऊन कडेनं वर यावी तसा. अजून वेळ होता. आता सांगितलं असतं, इंद्रजीत, निम्म्यावर ये, तर पाटी निम्म्यावर आली असती, शून्यावर नाही. दादांच्या अटीत निम्म्याचं काही नव्हतं. हे तिला सुचायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात लाल पाटी तरी होती, नाहीतर शून्य. "थांब जरा," ती म्हणाली. "गावाकडं कुणीतरी मोटार लावेल. उतरेल." कोण लावणार होतं पाडव्याला मोटार? तरी ती म्हणाली, आणि म्हणताना तिला पारावरची ती आठवली, डोक्यावरचा पदर सावरणारी, ऊन काही संपत नाही म्हणणारी.

दूध उतू गेलं. माळावरच्या यंत्रांनी दाब सोसेना तशी एका दमात तार सोडली, सगळीच्या सगळी, आपला जीव वाचवायला; दाब धाडकन खाली आदळला, आणि त्या झटक्यात पाचोडकडच्या उपकेंद्रातलं स्विच उडालं. पडद्यावर ती तार लाल होऊन मग राखाडी झाली. कक्षात घंटा वाजली, लहानशी, देवघरातल्यासारखी. वैजनाथ सरांनी डब्याचं झाकण लावलं आणि पडद्याकडं, मग तिच्याकडं बघितलं. "शेपूट?" त्यांनी विचारलं. "तुमचं पाचोड त्याच बाजूला ना?" तिनं मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "मी उपकेंद्राला लावतो. माणूस तार बघून येईपर्यंत स्विच टाकता येणार नाही. सण आहे, शोधावा लागेल माणूस." आणि त्यांनी स्वतः नंबर फिरवायला घेतला, म्हातारी बोटं, एकेक आकडा.

चीड कुणावर काढायची? ती बाहेर व्हरांड्यात आली. बॅटऱ्यांच्या रिकाम्या चौथऱ्यावर कुत्रं पसरलं होतं, आणि ऊन तर असं पडलं होतं, ओसंडून, फुकट, अंगणभर, की तिला त्याची शिसारी आली. तिनं प्रकल्प खाली घेतला असता तर पाटीवर शून्य आलं असतं, पण गिरणी शहराकडच्या तारेवर गुपचूप फिरत राहिली असती. दिवसभर. बिनधुराची. ती पाटी राखायला गेली आणि तिनं गिरणी घालवली. हे सगळ्या राज्यात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरीही ती तेच करून बसली होती, कारण पाटी लोकांना दिसत होती आणि तार दिसत नव्हती.

अर्ध्या तासानं दादांचा फोन. तिनं उचलला, पण आधी आवाज आला तो त्यांचा नव्हता. टुक. टुक. टुक, टुक. लोखंडाचं ते जुनं पाऊल. मग बायांचा गलका, मग मायचं दुरून, "अवो, तोंडाला फडकं तरी बांधा!" आणि मग खोकला. इंजन आणि खोकला, एकानं थांबावं तर दुसऱ्यानं धरावं असे. "मोने," ते शेवटी म्हणाले, आणि आज ओरडत नव्हते, ओरडायला दम नव्हता. "लाईट गेली गं. पाटीबी गेली, गिरणीबी गेली. तू मनाला लावून घेऊ नको. तुझा काय दोस? वरच्यांनी केली आसंल बंद."

व्हरांड्यात वारा नव्हता. "दादा," ती म्हणाली, "वरची मीच होते."

तिकडून फक्त इंजन. कुणीतरी पाटीच्या पाटी ओतली असावी, कारण सूर खाली गेला, खोल, आता तुटतो की काय असा. आणि चाकानं तो वजनावर तोलून धरला आणि हळूहळू पुन्हा वर आणला. मग दादा म्हणाले, "आज कमी करा म्हणून वरून आलतं?"

"आलतं. सगळ्यांना केलं. आपल्याला नाही केलं. पाटीवर शून्य नको यायला म्हणून."

"माझ्यापायी."

"तुमच्यापायी. अन् माझ्या शब्दापायी."

"येडी हायेस," ते म्हणाले. त्यात माया होती की नाही, ते धुरातून कळेना. "आन् म्या येडा. कशाला पाटीवर पैज लावायची." मग पुन्हा खोकला, आणि कुणाला तरी हाक, "ए भामाबाई, हळू वत गं, हळू!"

आत घंटा थांबली होती. वैजनाथ सरांनी काचेतून हात केला: माणूस सापडला, तार ठीक आहे, स्विच टाकलं. "दादा, लाईट आली बघा. आली ना? आता इंजन बंद करा. सांडू आहे ना अजून?"

"आली की. बल्ब पेटला." ते म्हणाले. "पर दळण मधी सोडून इंजन बंद करत नसतेत, मोने. रांग लई मोठी हाय. आन् तुझी लाईट..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि तेच तिला सगळ्यात लागलं. "सांडूला पोळी खाऊ घातली. निघतंय ते आता, रिकामा टेम्पो घेऊन. पुढच्या पाडव्याला बघू म्हणलं."

पुढच्या पाडव्याला. मधे पावसाळा होता आणि मग तो हिवाळा, डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून न सांगितलेला. ती काही बोलणार तोच फोन बहुतेक त्यांनी कट्ट्यावर ठेवला, चालूच, आणि ते रांगेकडं वळले.

ती आत येऊन खुर्चीत बसली. मोबाईल समोर उताणा, त्यातून बारीक टुकटुक. वैजनाथ सरांनी ते ऐकलं आणि डब्यातली उरलेली डाळ तिच्याकडं सरकवली. पडद्यावर आकडा पुन्हा पन्नासच्या वर चढत होता. सूर्य अजून बराच वर होता. तिनं कक्षाचा फोन उचलला आणि यादीतल्या पहिल्या नावाचा नंबर लावला.

"इंद्रजीत, यंत्रं लागली का परत?"

"लागतायत, अक्का. पाटी आत्ताच पेटली. लोक पांगले व्हते ते परत आले बघायला."

"शून्यावर ये."

"अक्का, ऊन हाय गं टक्क. समद्यांसमोर?"

"समद्यांसमोर," ती म्हणाली. "आधी आपलंच."

मोबाईलमधून खोकला आला, थांबला, आणि त्याच्या खाली चाक फिरत राहिलं.